अक्का कुणाकडच्या?

दुपारी झोपणाऱ्या माणसांचा मला राग येतो. कॉलेजात शिकवत होते तेव्हा जेवणानंतरच्या तासाला जो पेंगेल त्याला मी उभं करून संधी सोडवायला लावायची. आणि आज बघा, मीच भर दुपारी आडवी झालेय, तीही उघड्या गादीवर, कारण चादरी कालच खोक्यात गेल्या. पंखा कुरकुरतोय. डोळे मिटलेत, पण कान अजून जागे आहेत. खाली भंगारवाला ओरडत जातो. त्याची हाक लांबत जाते, लांबतच जाते, तुटत नाही.

सगळी बांधाबांध झालीये. नाशिकचा हा फ्लॅट विकला. शंतनू, माझा मुलगा, पुण्याला असतो. त्याची बायको ऋजुता थोड्या वेळात गाडी घेऊन मला न्यायला येईल. शंतनूला मीटिंग. "चार दिवस येऊन तर बघा, आई," असं ती फोनवर म्हणाली होती. आता चार दिवसांसाठी कुणी राहतं घर विकत नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. पण ती पुढे काही बोलली नाही आणि मीही नाही. दोघी अगदी शहाण्यासारख्या गप्प बसलो.

मला भीती वाटतेय, स्पष्टच सांगते. नवरा गेला तेव्हा रडरड रडले, पण भीती नव्हती वाटली, कारण घर माझं होतं. आता सकाळी उठून दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं हे विचारावं लागणार. पोटच्या पोराचं घर, तरी दुसऱ्याचंच की. त्या घरात मी कोण असणार हे कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायला माझी जीभ रेटत नाही.

आणि गंमत म्हणजे परक्या माणसांवरच मी पीएच.डी. केलीये. हसू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कौटुंबिक कादंबऱ्यांत दारात येऊन उभा राहणारा परका माणूस, हा माझा विषय. कधी बैरागी, कधी वाट चुकलेला प्रवासी, कधी उंबऱ्यात चक्कर येऊन पडलेली अनाथ बाई. तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास हा इसम येणार. घरात काहीतरी उलथापालथ करणार. आणि शेवटी दंडावरची खूण दिसून कुणाचा तरी हरवलेला भाऊ निघणार, नाहीतर चोर निघणार. परका तो परकाच राहिला, असं पुस्तक मला सापडलं नाही. मी लिहिलं होतं की लेखकाला असा माणूस लागायचाच, कारण त्या घरांतली माणसं एकमेकांशी बोलतच नसत. वडीलधाऱ्यांदेखत नवरा-बायको बोलणार कसे? मग बाहेरचा कुणी येतो, हे काय आणि ते कोण असं विचारतो, आणि त्याला सांगता सांगता घरच्यांना घर कळतं. माझ्या मार्गदर्शकांनी या वाक्याखाली रेघ मारली होती. पंख्याचा आवाज आता कुठूनतरी लांबून येतोय.

दारावर थाप पडते. बेल असताना थाप.

मी उठत नाही, तरी दारात उभी आहे. दार उघडलेलंच आहे. बाहेर अक्का.

तेच विटलेलं लुगडं, डोक्यावरून पदर, काखेत कापडी पिशवी. पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेत, चालत आल्यासारखे. मी कॉलेजात शिकत असताना अक्का गेली, तेव्हा होती तेवढीच आहे. म्हणजे आता माझ्याहून लहान दिसते.

"छबे," ती म्हणते, "चार दिवस राहू का?"

अक्का कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखे फसाल. माझं बालपण मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील, म्हणजे आमचे दादा, पार्सल ऑफिसात. घरात आम्ही तिघं आणि अक्का. माझ्या जन्माच्या वेळी ती बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच. स्वयंपाक तिचा, पाणी भरणं तिचं, आणि मनमाडचं पाणी भरणं म्हणजे काय ते मनमाडकरांनाच विचारा. माझी वेणी तीच घालायची. दादा आणि आई दोघंही तिला 'अक्का, तुम्ही' म्हणायचे, मी 'अगं अक्का'. दाराच्या आड बसून जेवायची. स्वतःबद्दल काही सांगायची नाही, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. घरात अशी एखादी आत्या-मावशी असायचीच त्या काळी.

मग एका सकाळी ती झोपेतच गेली. भटजी आले, गोत्र विचारलं. दादांनी आईला विचारलं, "तुमच्या अक्कांचं गोत्र काय?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "माझ्या? अहो, अक्का तुमच्याकडच्या ना!"

आईला वाटत होतं, सासूबाई कुणालातरी पाठवते म्हणाल्या होत्या, त्या ह्या. दादांना वाटत होतं, माहेरची माणसं बाळंतिणीकडे आपलं माणूस पाठवतात, त्या ह्या. इतकी वर्षं एका छपराखाली राहून दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, आणि अक्कांना तर कसं विचारणार? घरात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला 'तुम्ही कोण' म्हणायचं म्हणजे अपमानच की! भटजींनी, गोत्र ठाऊक नसलं की लावतात तसं, काश्यप गोत्र लावलं. दहाव्याला कावळा शिवेना. दादा हात जोडून 'तुमची इच्छा पुरी करू' म्हणायला गेले आणि अडकले. कसली इच्छा? आमच्यापैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उन्हं चढायच्या आत घरी आलो.

तर ही अक्का. दारात उभी आहे.

"ये ना," मी म्हणते. मेलेल्या माणसाला आत घेऊ नये वगैरे मला आठवतं, पण आमच्या दारातून कुणी परत गेलेलं नाही, तेही आठवतं.

ती पाय धुवायला थांबत नाही. आत येते तशी खोली लांब होत जाते. खोकी मागे राहतात. स्वयंपाकघरात मी तिला गूळ-पाणी द्यायला वळते तर माझा ओटा नाही, मनमाडची मोरी आहे, झाकण घातलेलं पाण्याचं पिंप आहे. अक्का न बघता हात घालून ओगराळं काढते. त्याची जागा तिला माहीत आहे.

"घर मोकळं का दिसतंय?"

"विकलं गं. शंतनूकडे चाललेय."

"राहायला?"

"चार दिवस," मी म्हणते.

अक्का हसते. तिचं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. हसताना तिचे खांदे हलतात आणि आवाज मात्र पिंपातून येतो.

"मीपण तेच म्हटलं होतं."

"अक्का, एक सांग. तू कुणाकडची?"

ती पिशवी खाली ठेवते आणि मागचं दार उघडते. माझ्या फ्लॅटला मागचं दार नाही. तिसऱ्या मजल्यावर मागचं दार असेलच कसं? पण ते उघडतं, आणि पलीकडे दिवाणखाना आहे.

तो मला पाठ आहे, माझ्या अभ्यासाच्या कादंबऱ्यांतला. लोड, तक्के, वर हंड्या-झुंबरं, भिंतीवर आरसे, आणि आरशांत कुणीच नाही. पगडीवाले रावसाहेब तक्क्याला टेकून बसलेत. त्यांचा चेहरा शाई कमी पडून छापल्यासारखा आहे, एक डोळा नीट, एक पुसट. माजघराच्या उंबऱ्याआड त्यांची बायको उभी आहे, तिच्या नुसत्या बांगड्या दिसतात. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. अख्ख्या घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये. तिसरं प्रकरण, मला वाटतं. आता परका येणार.

वरून आवाज येतो. घोगरा, संथ, पुस्तकातला.

"वाचकहो, याच समयीं द्वारांत एक वृद्ध स्त्री येऊन उभी राहिली. ही कोण, कोठून आली व हिच्या मनांत काय आहे, हें पुढें यथाकाळ कळून येईलच."

अक्का आली की काय म्हणून मी वळून पाहते. अक्का माझ्या मागे आहे. दारात मी उभी आहे.

रावसाहेबांचा नीट डोळा माझ्याकडे वळतो. "या कोण?" ते हवेला विचारतात.

बांगड्या वाजतात. "तिकडच्या असतील," आतून उत्तर येतं.

"तिकडच्याच असतील," रावसाहेब मान डोलावतात. झालं. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या देतं. इतकं सोपं. मी तोंड उघडून सांगणार असते की अहो, मी नाशिकहून आलेय, मी तुमच्यावर दोनशे पानं लिहिलीत. पण अक्काने माझा दंड धरलाय आणि ती मला दाराच्या आड ओढते.

"इथं बस," ती म्हणते. "इथनं सगळं ऐकू येतं आणि कुणी काही विचारत नाही."

दार आणि भिंत यांच्यामध्ये बेताची जागा आहे. पाट मांडलेला आहे. आणि काय सांगू, बसले तर बरं वाटतं. ऊब आहे. चुलीचा धूर आहे, पण डोळ्यांना झोंबत नाही. दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं हे इथे कुणी विचारणार नाही, मलाही विचारावं लागणार नाही. येईल ते पानात वाढून घ्यायचं. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"बरं आहे की गं," मी म्हणते.

"बरंच असतं," अक्का म्हणते. "सवय लागली की उठवत नाही."

मग मला जाणवतं की मला माझं नाव आठवत नाहीये. शोधायला जाते तर 'बाई' सापडतं, पोरं म्हणायची ते. 'आई' सापडतं. 'छबी' सापडतं, पण ते काही नाव नव्हे, ते अक्काने लावलेलं लाडाचं. त्यांच्याखाली हात घालून चाचपते तर गार, पोकळ लागतं. मी हात बघते. पदराखाली ते अर्धवट छापलेत. बोटांच्या टोकांना शाई पुरलेली नाही.

"अक्का, पुढे काय होतं? पुढच्या प्रकरणात कळतं ना, मी कोण ते?"

"पुढचं नाही."

"असं कसं नाही? असतंच. खूण दिसते, नातं निघतं..."

"वाळवीने खाल्लं," अक्का म्हणते. हे मात्र खरं आहे. ग्रंथालयातल्या निम्म्या प्रतींची शेवटची पानं मला मिळालीच नव्हती, मी कल्पनेने लिहून टाकलं होतं.

दाराच्या फटीतून उजेड येतो. पांढरा, ट्यूबलाइटचा. मी डोळा लावते तर दिवाणखाना नाही. शंतनूचा हॉल आहे, पुण्याचा. राखाडी सोफा, काचेचं टेबल. शंतनू आणि ऋजुता जेवताहेत. शंतनूच्या कानाजवळ पांढरे केस दिसतात. तो इतका मोठा कधी झाला? म्हणजे मी या दाराआड बसून किती काळ लोटलाय?

"त्या दारामागे असतात त्या," शंतनू हळूच विचारतो, "त्यांना वाढलं का?"

"वाढलं. शंतनू, एक विचारू? त्या तुझ्याकडच्या कोण?"

"माझ्याकडच्या?" शंतनूचा घास हातातच राहतो. "मला वाटलं तुझ्याकडच्या."

दोघं दाराकडे बघतात. माझ्या मुलाचे डोळे थेट माझ्या डोळ्यांवर येतात, आणि माझ्यातून आरपार मागच्या भिंतीवर जातात.

"जाऊ दे," तो म्हणतो. "हळू बोल. विचारलं तर वाईट वाटेल त्यांना."

मी ओरडते. अरे गाढवा, मी तुझी आई! नऊ महिने वाहिलं तुला! तुझ्या कांजिण्यांत रात्र रात्र जागले! सगळं ओरडते, आणि घशातून फुंकर घातल्यासारखं नुसतं वारं निघतं. अक्का माझ्या तोंडावर हात ठेवते. हाताला विझलेल्या राखेचा वास आहे, पाणी मारलेल्या राखेचा.

"ओरडू नको. ओरडलं की बाहेर येऊन बघतात. बघितलं की विचारतात. मग कुठे जाशील?"

"तू कुठून आली होतीस?" मी तिच्या हाताआडून विचारते. या वेळी मला उत्तर हवंच आहे. मला उठायचंय इथून, आणि कसं उठायचं ते जी उठू शकली नाही तिलाच विचारायला हवं.

शंतनूचा हॉल फटीत मिणमिणत विझतो. आम्ही मनमाडच्या क्वार्टरच्या पायरीवर बसलोय. दुपारचं रखरखीत ऊन. समोर सगळे क्वार्टर एकसारखे, तेच पिवळे, तीच हिरवी दारं. रुळांवर गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं नाही.

"चुकीच्या दाराशी आले होते," अक्का म्हणते.

"म्हणजे?"

"मला दुसरीकडे जायचं होतं. ह्याच रांगेत कुणीतरी होतं. लांबचं. भावाने घराबाहेर काढलं, तर म्हटलं त्यांच्याकडे चार दिवस जाऊ. दारं सगळी सारखी. मी एक वाजवलं. तुझ्या आईने उघडलं. ओली बाळंतीण, केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले. मी म्हणणार, बाई, अमक्यांचं घर कुठलं, तर तीच म्हणाली, 'आलात? बरं झालं बाई, आलात! धरा हिला जरा.' आणि तुला माझ्या मांडीवर टाकून आत गेली."

"मग?"

"मग काय? तू रडत होतीस. म्हटलं, ही गप्प झाली की सांगू." अक्का रुळांकडे बघते. "तू गप्प झालीस. मग झोपलीस. झोपलेलं पोर मांडीवरून कसं उठवायचं?"

मला रडू येतं. इतकं की रूळ हलायला लागतात. माझ्यासाठी राहिली ही बाई. आणि आम्ही तिला काश्यप गोत्र लावून मोकळे झालो.

"आणि ते दुसरं घर? ज्यांच्याकडे निघाली होतीस?"

"कोण होते, आठवत नाही आता," ती म्हणते. "आठवायची वेळच नाही आली. विचारलंच नाही कुणी. मी वाट बघत होते. पहिल्या वर्षी फार बघितली. कुणी विचारलं असतं, तर मी रडून सगळं सांगितलं असतं. काढलं असतंत घरातून तरी चाललं असतं."

"कावळा त्याचसाठी शिवत नव्हता?"

अक्का पुन्हा हसते. या वेळी तो आवाज तिच्याच घशातून येतो.

मी तिचे हात धरते. गार आहेत. "अक्का, तुमचं नाव काय?" मी विचारते. जन्मभर तिला 'तू' म्हणत आले, पण अनोळखी बाईला विचारतात तसं अदबीनेच विचारावंसं वाटतं.

सगळं थांबतं. ऊन थांबतं, म्हणजे कसं ते मला सांगता येणार नाही. वरचा तो घोगरा आवाज "वाचकहो" एवढंच म्हणतो आणि अडखळतो. रांगेतली सगळी हिरवी दारं एकेक करून उघडतात. प्रत्येक दारात अंधार आहे, आणि प्रत्येक अंधारात, दाराच्या आड, एकेक पाट मांडलेला आहे. पाटांवर बसलेल्या बायका मान उचलून ऐकताहेत.

अक्काचा चेहरा एकदम उतरतो. घाबरलीये ती. "आत्ता विचारलंस?" ती पुटपुटते. "आत्ता?" आणि मग लुगडं झटकत उठते, पाहुणी निघाली की घरची बाई लगबगीने उठते तशी. "थांब. अशीच नको जाऊ. रिकाम्या पदराने जाऊ नये."

आम्ही माझ्या फ्लॅटमध्ये आहोत. खोकी आहेत, उघडी गादी आहे, तिच्यावर कुणीतरी कुशीवर झोपलंय, मी तिकडे बघत नाही. अक्काच्या हातात परात आहे.

"पदर पसर."

"अगं, माझी कसली ओटी? मी विधवा. आणि तू..."

"मी काय?" ती विचारते. तिचे डोळे पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत आहेत. "मी विधवा होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुंकू नाही बघून तुम्हीच ठरवलंत."

मी पदर पसरते. ती ओंजळीने तांदूळ घालते, एकदा, दोनदा. प्रत्येक ओंजळीसरशी पदर जड होत जातो. इतके थोडे तांदूळ इतके जड कसे, मला कळत नाही. पदराची टोकं ती माझ्या मुठीत देते आणि वरून तिच्या मुठीने घट्ट आवळते.

"तू चल ना माझ्याबरोबर," मी म्हणते. "पुण्याला."

"मी राहते इथे. चार दिवस."

"अक्का, घर विकलंय गं. नवीन माणसं यायची आहेत."

"येऊ देत की. त्याला वाटेल तिच्याकडची, तिला वाटेल त्याच्याकडची." ती अगदी सहज बोलते, पाणी भरून झाल्यावर पिंपावर झाकण ठेवावं तशी. "तू जा. पण दाराच्या आड बसू नको. लागलं तर भांडण करून घे, पण आड बसू नको."

"आणि नाव? नाव सांगितलं नाहीस."

ती जवळ येते. राखेचा वास येतो. तिचा गाल माझ्या कानाला लागतो, खरखरीत आणि थंड, आणि ती माझ्या कानात बोलायला लागते. बेल वाजते. ती बोलतेय आणि बेल वाजतेय, बेल वाजतेय.

पंखा कुरकुरतोय. माझा गाल घामाने गादीला चिकटलाय. खाली भंगारवाला नाही. बेल परत वाजते.

उठायला जाते तर उजवी मूठ उघडत नाही. साडीच्या पदराचं टोक तिच्यात इतकं आवळलंय की बोटं पांढरी पडलीत. डाव्या हाताने एकेक बोट सोडवते. पदर उघडतो. तांदूळ. हातसडीचे, जाडेभरडे, तांबूस, मधूनच तूस तसंच राहिलेला एखादा दाणा. घरात तांदूळच काय, मोहरीचा दाणा नाही. डबे परवाच धुऊन, पुसून, कामाच्या बाईंना देऊन टाकलेत. मी एक दाणा दाताखाली धरून बघते. कट्कन तुटतो. खरा आहे.

पदर तसाच पोटाशी धरून मी दार उघडते.

ऋजुता. कपाळावर चढवलेला गॉगल, हातात पाण्याची बाटली. "किती वेळ बेल वाजवतेय, आई! जीव वर-खाली झाला माझा." मग तिला माझा चेहरा दिसतो. मग पदर. "हे काय? तांदूळ?"

"ओटी भरली माझी."

"आत्ता? कुणी?"

मी 'अक्काने' म्हणायला तोंड उघडते. आणि तोंडातून जे येतं ते मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही.

"बिंबाबाई तेरदाळकरांनी."

माझेच कान ते ऐकतात. बिंबाबाई. बिंबा. आता ही पोर 'अच्छा' म्हणेल, शेजारच्या असतील असं धरून चालेल, आणि खोकी मोजायला आत जाईल. समजूतदार माणसं तेच करतात.

ऋजुता जागची हलत नाही.

"कोण त्या?" ती विचारते.

दारातच मला हुंदका फुटतो. मोठ्याने, लाज सोडून. ऋजुता बाटली खाली ठेवते, मला धरते, आत आणते. तांदूळ सांडू नयेत म्हणून पदराखाली स्वतःची ओंजळ धरते. आम्ही दोघी उघड्या गादीवर टेकतो.

"सांगते," मी म्हणते. "सगळं सांगते. त्यांचं सांगून झालं ना, की मग मला विचार. मी तुझ्या घरात कोण म्हणून येतेय ते."

ती ओंजळ तशीच धरून बसलीये. तिचेही डोळे भरलेत.

"आधी तुमचंच विचारायचंय मला, आई," ती म्हणते. "नाशिक येईपर्यंत गाडीत तेच घोकत आलेय."